बॅटरीचं सोवळं

गुरुजींकडे दोन सोवळी होती. एक देवाचं, एक बॅटरीचं. देवाचं चारचौघांसारखंच: विटकरी रेशमी मुकटा, देवघराच्या खुंटीवर टाकलेला. बॅटरीचं मात्र जगावेगळं. जाडाभरडा, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेला. पायांत रबरी चपला. डोळ्यांवर सातपूरच्या कुठल्याशा दुकानातून आणलेला, कारखान्यातले कामगार लावतात तसला मोठा प्लास्टिकचा चष्मा. आणि अंगावर धातूचा कण नाही. बोटातली अंगठी, घड्याळ, चांदीत गुंफलेली रुद्राक्षाची माळ, सगळं काढून ते देवघरातल्या ताम्हनात ठेवायचे आणि मग गॅरेजकडे निघायचे. त्या वेळी त्यांच्याशी कोणी बोलायचं नाही. देवाच्या सोवळ्यात असताना ते एखाद्या वेळी हसत, चेष्टाही करत. बॅटरीच्या सोवळ्यात मी त्यांना कधी हसताना पाहिलं नाही.

गुरुजी आता नाहीत. पण परवा आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये एक गृहस्थ ओठात सिगारेट धरून, उघड्या बॉनेटखाली वाकून बॅटरीला चिमटे लावताना दिसले, आणि माझ्या तोंडून असा काही ओरडा निघाला की वरच्या खिडक्या उघडल्या. गृहस्थ दचकून मागे सरकले. नंतर माझ्याकडे असे बघू लागले, जणू या बाईंना कोणीतरी डॉक्टरकडे न्यायला हवं. त्यांचा काय दोष? मीही गुरुजींकडे पहिल्यांदा तसंच बघितलं होतं.

पंचवटीत, मखमलाबाद रस्त्याच्या बाजूला त्यांचं दोन मजली घर. खाली ते आणि त्यांची मुलगी, वर भाडेकरू म्हणून मी. मी सातपूरच्या एका कारखान्यात हिशेब बघायची. घर बघायला गेले तेव्हा माझं लग्न, माझी जात, माझं जेवणखाण, यातलं काहीएक त्यांनी विचारलं नाही. विचारलं ते एवढंच:

"गाडी आहे का?"

"आहे. जुनीच आहे, सेकंडहँड."

"बॅटरी किती जुनी?"

मला माहीत नव्हतं. तसं सांगितल्यावर त्यांनी मान हलवली, जसं काही मी माझ्या बापाचं नाव विसरले होते.

त्यांच्या घराण्याचं पिढीजात काम रामकुंडावरचं, यात्रेकरूंचे विधी सांगण्याचं. ते त्यांनी चुलत भावांवर सोपवलं होतं आणि स्वतः घरगुती कामं धरली होती. वास्तुशांत, सत्यनारायण, मुंजी, आणि लोकांच्या नव्या गाड्यांची पूजा. त्यासाठी सिन्नरपासून त्र्यंबकपर्यंत फिरायला एक पांढरी, म्हातारी गाडी होती. कामं नसली की ती गॅरेजमध्ये उभी राहायची आणि उभी राहिली की तिची बॅटरी उतरायची. म्हणून दर एकादशीला तिला चार्जर लागायचा. "एकादशीला मी उपाशी आणि ती जेवते," असं ते म्हणायचे. यात त्यांना विनोद वाटत नसे. ती त्यांची व्यवस्था होती.

आमची खरी ओळख झाली ती माझ्याच बॅटरीवरून. दिवाळीला मी आईकडे गेले होते. परत आले तर गाडी चावी फिरवल्यावर नुसती टकटक करून गप्प. फोनवरून एक चार्जर मागवला. रविवारी सकाळी गाडीचं बॉनेट उघडलं, चार्जरचा प्लग भिंतीत घातला, बटण दाबलं, आणि मग दोन्ही हातांत दोन चिमटे घेऊन बॅटरीकडे वळले.

"थांबा! हात लावू नका!"

गुरुजी पूजेवरून तसेच उठून आले होते. अंगावर मुकटा, कपाळावर ओलं गंध. मला वाटलं, साप निघाला.

"आधी बटण बंद. प्लग काढा. चिमटे खाली ठेवा, एकमेकांना लागू देऊ नका. बांगड्या काढा. अंगठीसुद्धा. आणि तिथेच उभ्या राहा."

आत जाऊन ते दुसऱ्या सोवळ्यात आले. येताना हातात बादली होती, काठोकाठ भरलेली, स्वच्छ पाण्याची. ती त्यांनी गाडीपासून दोन पावलांवर ठेवली. शेजारी खाण्याच्या सोड्याचा डबा. मला वाटलं, गाडी धुणार आहेत.

"पूजा केली आहे का कधी?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे... बघितली आहे."

"आसन मांडायच्या आधी देवाला बोलावतात का?"

"नाही."

"मग विजेला का बोलावलंत? तिने येऊन बसायचं कुठे?" असं म्हणून ते समजावू लागले. आवाज पोथी सांगतानाचाच. "आधी मांडणी. हा लाल चिमटा, अधिक खुणेच्या टोकाला. घट्ट. हा काळा. हा बॅटरीला लावायचा नाही. गाडीच्या अंगाला लावायचा, हे बघा, इंजिनाचं उघडं लोखंड, बॅटरीपासून हातभर लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी पडते. पडायचीच असेल तर तिथे पडू दे. बॅटरी जेवताना वायू सोडते. त्याला रंग नाही, वास नाही. त्याला ठिणगी पुरते. म्हणून दारं उघडी. म्हणून जवळ दिवा नाही, उदबत्ती नाही, विडी नाही. हे सगळं झालं की मग प्लग, मग बटण. हे आवाहन. आणि काढताना?"

मी अंदाजाने लाल चिमट्याकडे बोट केलं.

"पाहुणा बसलेला असताना त्याच्या खालचं आसन ओढतात का? आधी निरोप द्यायचा. बटण बंद, प्लग काढायचा. मग काळा. मग लाल. आलो त्याच्या उलट वाटेने परत."

खरं सांगते, मला आधी त्यांचा राग आला होता. सुट्टीच्या दिवशी कोणाला शिकवणी हवी असते? पण त्या माणसाचे हात चिमटा लावताना इतके सावकाश, इतके जपून चालले होते की तो राग विरत गेला. चार्जर लावून ते आत गेले नाहीत. अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर, अंतर राखून, गाडीकडे तोंड करून बसले. दुपारी काढेपर्यंत तिथेच. "हा आपोआप बंद होणारा आहे," मी चार्जरवरचं लिहिलेलं दाखवून म्हटलं. "असेल," म्हणाले. "मी नाही होत."

शेवटी चिमटे काढून झाले, बॉनेट लागलं, तेव्हा त्यांनी बादली उचलली आणि कुंपणाजवळच्या पारिजातकाच्या मुळाशी ओतली. ओतताना स्वतःशीच म्हणाले, "आज लागली नाही."

दर एकादशीला हाच प्रकार. भरलेली बादली यायची, दिवसभर नुसती उभी राहायची, आणि झाडाला ओतताना तेच वाक्य, "आज लागली नाही." एकदा मी विचारलं, "बादली कशाला हो गुरुजी?" तेव्हा म्हणाले, "पळी देवाला, बादली माणसाला." यापलीकडे काही नाही. ही कुठल्या ग्रंथातली ओळ आहे असं मला बरेच दिवस वाटत होतं.

पाण्याच्या बाबतीत त्यांचं एकूण सगळंच हात सैल सोडून. दुसरे गुरुजी तीर्थ देतात पळीने, तळहात जेमतेम ओला होईल एवढं. हे तांब्याच तिरका करायचे. ओंजळ भरून, मनगटावरून ओघळून, कोपरापर्यंत पाणी. बायकांच्या साड्या भिजायच्या. "गुरुजी तीर्थ देतात की आंघोळ घालतात?" असं लोक म्हणायचे. पूजेला पैठणी नेसून बसायचं नाही, अशी त्यांच्या यजमानांत पद्धतच पडून गेली होती.

खंडेनवमीच्या आधी ते कॉलनीत घरोघर जायचे. कशासाठी, तर "कोणी चार्जर लावून ठेवला आहे का?" एवढंच विचारायला. लोक दार उघडायचे, नाही म्हणायचे, दार लावायचे आणि आत जाऊन हसायचे. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, असं समोरचे एक निवृत्त साहेब म्हणाले होते. म्हण बरोबर होती. पोळलं होतं मात्र दुसऱ्याच कोणाचं, आणि फुंकत होते गुरुजी. हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. कॉलनीत पहिली विजेवरची स्कूटर आली तेव्हा तिच्या मालकाची त्यांनी पाठच सोडली नाही. "हिचं लाल कुठे, काळं कुठे?" तो म्हणाला, "सगळं आत बंद असतं गुरुजी, आपल्याला बघावं लागत नाही." तेव्हा गुरुजींचा चेहरा उतरला. "बघावं लागत नाही, हेच मला आवडलं नाही," म्हणाले.

माझं पहिलं वर्ष सरत आलं होतं तेव्हा दसऱ्याला त्यांना सिन्नरला जायचं होतं. एका शेतकरी कुटुंबात ट्रॅक्टरची पूजा, एखादं वर्ष सोडलं तर, गुरुजीच सांगायचे. ताईंना, म्हणजे त्यांच्या मुलीला, ताप होता. म्हणून सोबतीला मी गेले, गाडीही मीच चालवली.

घर मोठं, माणसं पुष्कळ. पत्र्याच्या शेडमध्ये ट्रॅक्टर झेंडूच्या माळांनी मढवलेला. समोर रांगोळी, नारळ, ताटात निरांजन, कापूर. सनईची रेकॉर्ड लावलेली. गुरुजी शेडच्या दारातच थांबले. ट्रॅक्टरच्या बाजूने एक वायर भिंतीकडे गेली होती.

"बॅटरी चार्जिंगला आहे?"

"सकाळपास्नं लावलीय गुरुजी," यजमान म्हणाले. "आता पूजा झाली का गावातनं मिरवायचाय. बंद पडाया नको."

"बंद करा. चिमटे काढा. मी सांगतो तसे काढा. आणि ट्रॅक्टर अंगणात घ्या. चालू करू नका, ढकलत घ्या."

"ढकलत?" यजमानांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "अहो, रांगोळी काढलीय, सगळी मांडणी हितं हाय. मुहूर्त चाललाय."

"मुहूर्त मी सांगतो. अजून लागलेला नाही."

"मागल्या साली तुमी आला नव्हता, तवा दुसऱ्या गुरुजींनी कापूर थेट बॉनेटवर पेटवला. काय नाय झालं."

"होत नाही तोवर नाहीच होत."

माणसं कुजबुजायला लागली. यजमानांचा चेहरा लाल झाला. "सणाच्या दिशी असलं अभद्र बोलू नका, गुरुजी. आरतीबिगर पूजा नाय व्हायची आमच्यात."

"आरती होईल की. उघड्यावर होईल." एवढं बोलून गुरुजींनी उपरणं कमरेला बांधलं, बटण बंद करून, प्लग काढून स्वतः चिमटे काढले, मग मुकट्यासकट ट्रॅक्टरच्या मागे जाऊन त्याला खांदा लावला. एकटे. ट्रॅक्टर जागचा हललासुद्धा नाही.  शेवटी यजमानांची म्हातारी आई ओट्यावरून ओरडली, "आरं, गुरुजी सोता ढकलाया लागलेत आन तुमी बघत काय बसले? लावा की हात!"

मग सगळ्यांनी ढकलला. रांगोळी चाकाखाली पुसली गेली. उघड्यावर थोडा वेळ जाऊ दिल्यावर गुरुजींनी एक बादली पाणी मागून घेतलं, शेजारी ठेवलं आणि मग निरांजन लावू दिलं. पूजा यथासांग झाली. पण जेवताना आमच्याशी कोणी धड बोललं नाही.

 परत येताना मोहदरी घाट उतरल्यावर गुरुजी म्हणाले, "पुढच्या वर्षी बोलावणार नाहीत." तसंच झालं. पुढच्या वर्षी सिन्नरहून निरोप आलाच नाही.

आता ताईंबद्दल. ताई माझ्याहून मोठ्या. एका शाळेत गणित शिकवायच्या. त्यांचा डावा डोळा पांढुरका होता, त्या बाजूची पापणी थोडी ओढलेली. कसं झालं, हे मी कधी विचारलं नव्हतं. लग्नाचं कोणी विचारलं तर त्या म्हणायच्या, "एका डोळ्यानेसुद्धा माणसं चांगली दिसतात हो, म्हणून नाही केलं." समोरच्याने हसावं की गप्प बसावं, हे त्याला ठरवावं लागायचं.

खंडेनवमीला सकाळी ताई माझ्या गॅलरीत यायच्या. पहिल्या वर्षी मला वाटलं, गप्पा मारायला आल्या. दुसऱ्या वर्षीही आल्या, कठड्याला टेकून उभ्या राहिल्या आणि खाली बघत राहिल्या. खाली गुरुजी आपल्या पांढऱ्या गाडीची पूजा करत होते. गंध, फूल, हळदकुंकू, नैवेद्याला गुळखोबरं. सगळं होतं, ताटात निरांजन तेवढं नव्हतं. कापूर नाही, उदबत्ती नाही. हात जोडले आणि संपलं. एवढी मुकी पूजा मी दुसरी पाहिली नाही.

मला सिन्नर आठवलं. मी विचारलं, "ताई, लोकांच्या गाड्यांना अंगणात का होईना, पण आरती करतात. मग घरच्या गाडीला का नाही? आणि तुम्ही वर का येता?"

"ते पाठवतात," ताई म्हणाल्या. "नवमीला मी गाडीजवळ यायचं नाही."

मग त्यांनी सांगितलं. खाली बघतच, शांतपणे, फळ्यावर गणित सोडवून दाखवावं तसं.

"मी कॉलेजात नुकती जायला लागले होते. गाडी बंद पडली होती. दसऱ्याला बाबांना दोन-तीन ठिकाणी जायचं होतं. म्हणून अष्टमीला चार्जर लावला, तो रात्रभर तसाच राहिला. मांजर आत शिरतं म्हणून शटर खाली ओढलेलं. सकाळी शटर उघडलं आणि लगेच पूजेला उभे राहिलो. चार्जर चालूच होता. कोणाच्या डोक्यातही आलं नाही. बाबा म्हणाले, 'गाडीचा प्राण बॅटरीत असतो, तिलाही ओवाळ.' मी निरांजन घेऊन वाकले."

त्यांनी डाव्या पापणीवरून बोट फिरवलं.

"मोठा फटाका फुटावा तसा आवाज झाला. मग चेहऱ्यावर गरम काहीतरी, बॅटरीतलं ॲसिड. आई तेव्हा होती, ती तूप घेऊन धावली. बाबांनी मला मांडीवर घेतलं, पूजेचा तांब्या उचलला, आणि गंगेचं तीर्थ माझ्या डोळ्यांत घालायला लागले. मंत्र म्हणत. पळीने. एक पळी, मग आणखी एक पळी. दोन पावलांवर बागेचा नळ होता गं. नळीसुद्धा लावलेली होती. आम्ही सगळे त्या पळीकडे बघत बसलो होतो. दवाखान्यात डॉक्टर चिडून म्हणाले, अहो, पाण्याखाली धरायचं हिला ताबडतोब, बादल्यांवर बादल्या ओतायच्या. उजवा वाचला. हा नाही."

मी खाली बघितलं. गुरुजी गाडीच्या टपावरची निर्माल्याची फुलं वेचत होते. आणि शेजारी, निरांजन नसलेल्या त्या पूजेलासुद्धा, भरलेली बादली ठेवलेली होती. लोकांच्या कोपरापर्यंत ओघळणारं ते तीर्थ मला आठवलं. साड्या भिजतात म्हणून आम्ही सगळे हसायचो, मीही हसायचे. माझे डोळे भरून आले, ते मी लपवले नाहीत.

"तुम्ही त्यांना म्हणाला नाहीत कधी? की तुमचा राग नाही म्हणून?"

"शंभरदा म्हटलं. म्हटलं, गाडी विकून टाका, रोज डोळ्यांसमोर कशाला? तर म्हणाले, 'गाडी विकली तर मला करायला काय उरलं?' " ताईंनी कठडा घट्ट धरला होता. "डोळ्याचं मला काही वाटत नाही आता, खरंच. सवय झाली. पण नवमीला आमच्याकडे मी ओवाळायचे, लहानपणापासून. तो मान माझा होता. डोळा बॅटरीने नेला, पण नवमी बाबांनी नेली. त्यांना बघितलं की मला वाटतं, मी या घरात मुलगी नाही, यांच्या हातून झालेली चूक आहे. जिवंत, चालतीबोलती. ती त्यांनी वर गॅलरीत ठेवलेली असते."

 खाली गुरुजींनी गाडीवर कापड घालेपर्यंत आम्ही दोघी तिथेच उभ्या राहिलो.

त्यानंतरच्या श्रावणात गुरुजींना अर्धांगाचा हलका झटका आला. महिनाभरात काठी घेऊन चालू लागले. पण उजवा हात थरथरायचा आणि बोलणं जड झालं. कामं बंद झाली. एकादशी आली आणि त्यांनी देवघरातून मला हाक मारली. ताम्हनात अंगठी, घड्याळ काढून ठेवलेलं होतं, पण शर्टाची बटणं त्यांना लागत नव्हती.

"चिमटे तू लाव," ते मला म्हणाले. "मी सांगतो."

मी पुढे होणार, तेवढ्यात ताई दारात आल्या. "मी लावते, बाबा."

"तू लांब हो."

"ही लावली तर चालते?"

"चालते."

"का? हिच्या डोळ्यांची तुम्हाला काळजी नाही?"

 गुरुजी माझ्याकडे बघत राहिले, आणि त्या बघण्यात इतकी शरम होती की मीच मान फिरवली. ताईंनी त्यांच्या अंगातला शर्ट हलकेच काढला, स्वतः घातला, बटणं मनगटापर्यंत लावली. तो मोठा चष्मा डोळ्यांवर चढवला. बांगड्या काढून ताम्हनात ठेवल्या.

त्या दिवशी गुरुजी अंगणात खुर्चीवर बसून जड जिभेने एकेक पायरी सांगत होते आणि ताई ती त्यांच्या आधीच करत होत्या. इतकी वर्षं दुरून बघून त्यांना सगळं पाठ होतं. लाल. काळा, हातभर लांब. मग प्लग. मग बटण. बटण दाबताना गुरुजींनी डोळे मिटून घेतले. काही झालं नाही. बॅटरी मुकाट्याने जेवू लागली.

मग नवमी आली. ताईंनी अष्टमीला सकाळीच चार्जर लावून दुपारी काढला होता. बॉनेट आणि शटर दोन्ही संध्याकाळपर्यंत उघडी ठेवली होती. नवमीच्या सकाळी मला हाक मारली, गाडी न्यूट्रलला टाकली आणि आम्ही दोघींनी ती ढकलत रस्त्यावर, मोकळ्या आभाळाखाली आणली. गुरुजी काठी टेकत मागून आले. ताई आत जाऊन ताट घेऊन आल्या. ताटात हळदकुंकू, फुलं, आणि मधोमध निरांजन. फुलवात तुपात भिजवलेली, अजून न लावलेली.

गुरुजींनी ताट बघितलं. "फुलं वाहा," म्हणाले. "पुरे तेवढं."

"नाही पुरे."

"ऐक माझं."

"इतकी वर्षं ऐकलं," ताई म्हणाल्या. हातातलं ताट स्थिर होतं. "डोळा माझा गेला, बाबा. दिवा तुम्ही विझवलात. डोळा मी परत मागत नाही. दिवा मागते. बॉनेट बंद आहे, वारा आहे, काल दुपारपासून विजेचा संबंध नाही. तुम्हीच शिकवलेलं सगळं केलं आहे. आता भीती उरली असेल तर ती बॅटरीची नाही."

रस्त्यावरून जाणारा एक रिक्षावाला थांबून बघायला लागला. समोरचे निवृत्त साहेब फाटकात आले. गुरुजी काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. मला वाटलं, आता हे मागे वळणार आणि आत जाऊन दार लावून घेणार.

ते गाडीशेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत म्हणाले, "बादली?"

"भरते."

"मी भरतो."

उजव्या हाताने बादली उचलणं त्यांना शक्य नव्हतं. त्यांनी रिकामी बादली गाडीशेजारी ठेवायला लावली आणि डाव्या हातात पूजेचा तांब्या घेतला. नळापाशी जायचं, तांब्या भरायचा, थरथरत यायचं, बादलीत ओतायचा, परत जायचं. येताना अर्धं पाणी वाटेत सांडत होतं. मी पुढे झाले तर ताईंनी मान हलवून मला थांबवलं. आम्ही थांबलो. रिक्षावालाही थांबला. बादली काठापर्यंत येईस्तोवर गुरुजींचं धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं होतं. मग त्यांनी खुर्ची मागितली, बादलीला लागून बसले आणि डाव्या हाताने तिची कडी पकडली.

"लाव," म्हणाले.

ताईंनी निरांजन लावलं. गुरुजींनी जड आवाजात आरती धरली, शब्द अडखळत होते, चाल चुकत होती. मी मागून म्हणत राहिले. वाऱ्याने ज्योत वाकली की त्यांची बोटं कडीवर आवळायची. ताई सावकाश ओवाळत होत्या. चांगला डोळा ज्योतीवर होता, आणि दुसऱ्यातही ती छोटीशी ज्योत चमकताना मला दिसली.

आरती संपली. ताई ताट घेऊन त्यांच्यापुढे वाकल्या, आरती द्यायला. गुरुजींनी कडी सोडली. थरथरता उजवा हात ज्योतीवरून फिरवला. आपण सगळे तो हात स्वतःच्या डोळ्यांना लावतो. त्यांनी तो ताईंच्या चेहऱ्याकडे नेला आणि पांढुरक्या डोळ्यावर ठेवला. हात थरथरत होता, म्हणून दुसऱ्या हाताने तो धरून ठेवला. खूप वेळ काढला नाही.

मी तेव्हा रडत होते. फाटकातल्या साहेबांनी टोपी काढून हातात घेतली होती.

ताईंनी ताट माझ्याकडे दिलं आणि बादली उचलली. पारिजातकापाशी गेल्या, सगळं पाणी त्याच्या मुळाशी ओतलं, आणि रिकामी बादली उपडी करून दाखवत म्हणाल्या, "बाबा, लागली नाही."

"हो," गुरुजी म्हणाले. "नाही लागली."